वीज बंद केल्यावर

जर्मनीतल्या येना शहराच्या प्रयोगशाळेत हाइड्रुन आणि फोल्कमारने मिळून ती काच घडवली होती. तिच्यावरच्या पातळ थरात वीज सोडली की प्रतिबिंबं विझत, बंद केली की परतत. आज दुपारच्या सभेत फोल्कमारने ती एकट्याच्या नावावर जाहीर केली.

"रुसू नकोस गं. पुढच्या वेळी तुझंही नाव घालू," काचेसमोर उभ्या हाइड्रुनच्या मागे येऊन तो म्हणाला.

हाइड्रुनने बटण दाबलं. काचेतून दिवा, टेबल, ती दोघं, सगळंच विझलं.

तिने वीज बंद केली. दिवा परतला, टेबल परतलं. फोल्कमारही परतला, अगदी बुटांपर्यंत. काचेत त्याच्यापुढे कुणीच नव्हतं.

तिने घाबरून त्याचा दंड धरला. "फोल्कमार, बघ ना."

त्याचा फोन वाजला.

"नाही, कुणी नाही," काचेत पाहून केस सारखे करत तो म्हणाला. "एकटाच आहे मी."