हिरव्या भिंतीवरचे पंजे

"शेवाळ निघेपर्यंत तिला खाली सोडायचं नाही, घसरेल," मी सगळ्यांना बजावलं होतं. वर्षभर बंद राहिलेल्या आमच्या सुट्टीतल्या घराची बाहेरची भिंत कमरेपर्यंत हिरवीगार झाली होती. लेक दीड वर्षाची, अजून चालत नव्हती. माझ्या जिवाला तोच घोर. सासूबाई टोमणा मारायच्या, "सारखी तुझ्या कडेवर. तिच्या पायांना कळणार कसं, की आपण पाय आहोत?" शेवटी आज तिला त्यांच्याजवळ सतरंजीवर बसवलं आणि नवरा आणि मी भिंत घासायला लागलो. कोपऱ्यापाशी माझा ब्रश थबकला. शेवाळात एक इवलासा पंजा उमटला होता, ताजा, माझ्या मांडीएवढ्या उंचीवर. रांगणाऱ्या बाळाचा हात इतका वर कसा पोचेल? पुढे आणखी एक, मग आणखी. पंजे कोपरा वळून गेले होते. सतरंजीवर सासूबाई एकट्याच घोरत होत्या. मी धावले. भिंतीला धरून लेक उभी होती, तळवे हिरवेगार. मला पाहून तिनं भिंत सोडली आणि डुलत डुलत थेट माझ्याकडे आली. "अरे, चालली! आई, उठा, चालली!" मी हाका मारल्या. नवरा ब्रश हातात घेऊनच धावत आला आणि भिंतीला टेकणार, तोच मी ओरडले, "खबरदार, त्या पंजांना धक्का लावलास तर!" सासूबाई डोळे चोळत म्हणाल्या, "अगं, सगळी भिंत लख्ख होणार आणि एवढाच पट्टा हिरवा? बरं दिसेल का?" "दिसू दे," म्हणत मी लेकीला उचलायला वाकले, आणि हात मागे घेऊन नुसतं बोट पुढे केलं.