नजर समोर

खट्.

रिकाम्या पिस्तुलाचा तो बारीक आवाज शेडमधल्या सगळ्यांनी ऐकला. पिस्तूल नागसेनच्या हातात होतं, कमरेच्या होल्स्टरमध्ये अर्धं शिरलेलं. भरलेलं असतं तर गोळी त्याच्याच मांडीत गेली असती. सात महिन्यांपूर्वी गनमन हर्षलच्या गेली होती, तशीच.

भिलाई-3 मधल्या त्या सिक्युरिटी एजन्सीत नागसेन अकरा वर्षं गनमन तयार करत होता. फौजेतून आलेला माणूस, सगळे त्याला उस्ताद म्हणत. शेडच्या भिंतीवर त्यानं स्वतःच्या हातानं लाल रंगात दोन शब्द लिहिले होते : नजर समोर. पिस्तूल परत ठेवताना खाली पाहायचं नाही. धोका समोर असतो, कमरेला नसतो. हर्षलच्या शर्टाचं टोक पिस्तुलाच्या चापात अडकलं आणि त्यानं पिस्तूल तसंच खाली दाबलं. चौकशीच्या कागदावर ‘गनमनचा निष्काळजीपणा’ असं आलं. खाली सही नागसेनची होती. हर्षल आता लंगडत फाटकावर जातो आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांचं रजिस्टर लिहितो.

त्या दिवसापासून नागसेननं एकच गोष्ट लावून धरली. पिस्तुलाच्या पाठीवर बसवायची एक छोटी पट्टी मिळते, बिजागरीवर हलणारी. पिस्तूल ठेवताना अंगठा तिच्यावर दाबून धरायचा. चाप कशात अडकून ओढला जाऊ लागला की पट्टी वर उठते, अंगठ्याला कळतं, माणूस थांबतो. नागसेननं तीन अर्ज दिले. तिसऱ्या खेपेला हर्षललाच मॅनेजरच्या केबिनमध्ये नेऊन मांडीवरचा व्रण दाखवायला लावला. तेव्हा कुठे चाचणी ठरली.

आज ती चाचणी होती. होल्स्टरच्या तोंडाशी मुद्दाम कापडाची चिंधी लोंबत ठेवलेली. पिस्तूल दोनदा तपासून रिकामं केलेलं. नजर समोर. सहाच्या सहा गनमन पट्टी उठताच थांबले. शेवटी उस्तादांनी करून दाखवायचं होतं.

आणि खट्.

मॅनेजर कौस्तुभनं पेनचं टोपण काढलं. “म्हणजे फेल. तुम्ही मनाला लावून घेऊ नका, उस्ताद. तुमचा दोष नाही, पट्टीच कुचकामी निघाली.”

सुटकेची वाट आयती चालून आली होती. नागसेननं नुसती मान हलवायची होती.

“पट्टी बरोबर उठली ना, साहेब,” आम्रपाली म्हणाली. ती सराफाच्या दुकानावर ड्यूटी करी. सहा जणांत एकटीच बाई. “मी बाजूलेच होती. उस्तादचा अंगठा पट्टीसंगच वर गेला, अन् ते पिस्तूल दाबतच रायले.”

“तुही नजर समोर पाह्यजे होती,” मागून हेमराज म्हणाला. “उस्तादच्या हातावर कावून?”

दोघं-तिघं हसले. नागसेन हसला नाही. तो आपल्या अंगठ्याकडे पाहत होता. अंगठ्याच्या पेरावर पांढरा फोड होता. कधी आला?

सकाळी त्याच्या बायकोनं, रुक्मानं, पदरात धरून चहाचा स्टीलचा ग्लास आणला. त्यानं तो तसाच उघड्या हातानं घेतला. “हात हाय का चिमटा?” ती म्हणाली. त्याला तेव्हा आपल्या हाताचं कौतुकच वाटलं होतं. शुगरला बारा वर्षं झाली होती. तळपाय बधिर झालेत हे त्याला ठाऊक होतं. त्यानं खिशातून किल्ली काढली आणि तिचं टोक अंगठ्यात रुतवलं. काही नाही. मग करंगळीत रुतवलं. तिथं कळ आली.

“परत करतो,” तो म्हणाला.

त्यानं पिस्तूल पुन्हा तपासलं, सगळ्यांना दाखवलं आणि होल्स्टरच्या तोंडाशी आणलं. मग अकरा वर्षांत त्या शेडमध्ये कुणी पाहिलं नव्हतं ते घडलं. उस्तादांनी मान खाली घातली. चिंधी चापाशी गोळा होताना त्यांनी पाहिली. पट्टी हलली तीही पाहिली. हात जागीच थांबला.

“अंगठ्याले नाही समजत,” नागसेन म्हणाला. “डोळ्याले दिसते.”

तो कौस्तुभकडे वळला.

“लिहा साहेब. पट्टी पास. सगळ्याइच्या पिस्तुलाले लावा. पन माहा अंगठा मेला हाय. मले पिस्तूल देऊ नका.”

कौस्तुभनं आवाज खाली आणला. “उस्ताद, हे लिहिलं की वर पाठवावं लागतं. मग तुमच्या नोकरीचं काय होईल ते माझ्या हातात राहणार नाही.”

“मालूम हाय.”

त्यानं पिस्तूल टेबलावर ठेवलं. शेजारीच हत्यारं पुसायचं फडकं होतं. ते त्यानं रॉकेलच्या डब्यात बुडवलं आणि तो भिंतीपाशी गेला. रंग जुना होता, सहजी निघेना. तो रेटून घासू लागला. लाल ओघळ त्याच्या मनगटावरून कोपरापर्यंत आले. फाटकावरून रजिस्टर घेऊन आलेला हर्षल दारातच थांबला होता.

“हे कशाला पुसता?” कौस्तुभनं विचारलं.

“अजून एक लिहाचं हाय,” नागसेन हात न थांबवता म्हणाला. “हर्षलच्या कागदावरची माही सही खोटी हाय. त्या दिवशी तो खालीच पाहून राहिला होता. मीच वरडलो त्याच्यावर, नजर समोर.”