पुढच्या चाकाची घरघर

"डोळे मीट, नुसतं ऐक," म्हणत अण्णांनी रिकाम्या मैदानात गाडी उजवीकडे गोल फिरवली. पुढच्या चाकाची घरघर वाढली. डावीकडे वळताच ती विरली. "बोल, कुठलं चाक?"

"उजवं," शेजारी बसलेली लेक म्हणाली. "गॅरेजवाला कशाला आहे, अण्णा?"

"चुकलीस! उजवीकडे वळलं की भार डाव्या चाकावर येतो, बाईसाहेब. डाव्याचं बेअरिंग गेलंय." अजून एक फेरी मारावी असं तिला वाटलं, पण चाळिशीत हट्ट कसा करायचा? दुसऱ्या पहाटे अण्णा झोपेतच गेले.

वर्षभरानं गाडी पुन्हा घरघरू लागली. ती एकटीच मैदानात आली. आता आवाज डावीकडे वळताना वाढला. "म्हणजे उजवं," ती पुटपुटली आणि खुदकन हसली. निदान झालं होतं, पण तिनं पुन्हा स्टिअरिंग वळवलं. "अण्णा," ती मोठ्यानं म्हणाली, "अजून एक फेरी मारू या ना!"