घड्याळजींची भागीदारी

सकाळी साडेआठला नाश्त्याच्या टेबलावर मुलीनं मोबाइल काढला आणि बाबा ओरडले नाहीत. बाबांची हयात घड्याळं दुरुस्त करण्यात गेली होती. घरोघरी मोबाइल आले, लोकांनी घड्याळं बांधणं सोडलं आणि दुकानाला टाळं लागलं. तेव्हापासून मोबाइल नुसता दिसला तरी त्यांचं पित्त खवळायचं.

"बाबा, बरं नाही का वाटत?"

"ठणठणीत आहे. तू बघ गं, निवांत बघ."

आईनं त्यांच्या कपाळाला हात लावला. "ताप तर नाही. मग झालंय तरी काय तुम्हाला?"

"दुकान विकलं ना, त्यातले थोडे पैसे टेक्नॉलॉजीच्या इंडेक्स फंडात घातले," बाबा चहात बघत म्हणाले. "सगळ्या बड्या कंपन्यांत चिमूटभर वाटा मिळतो, आणि फंडवाले आपल्याकडून घेतात अगदी किरकोळ. ज्यांनी माझं दुकान बंद पाडलं, त्यांचाच आता भागीदार झालोय."

"अहो, पण तो फंड खाली गेला म्हणजे?"

"म्हणून तर म्हणतोय, पोरीला बघू दे!"

मुलीला हसताना ठसका लागला. आई मात्र पर्स शोधायला उठली. "पुरे झाली तुमची भागीदारी, माझी बस चुकेल. किती वाजले हो?"

बाबांच्या मनगटावर त्यांनी स्वतः जुळवलेलं, सेकंदानंही न चुकणारं घड्याळ होतं. तरी त्यांनी खिशातून नवाकोरा मोबाइल काढला आणि ते त्यावर बोट फिरवत बसले.

किती वाजले, ते त्यांनी अजून सांगितलेलं नाही.