एकटा वाढवलेला उंदीर

"एकटं वाढलं की मेंदूतली रसायनं बिघडतात आणि प्राणी जगाला चावत सुटतो," असं ठणकावून प्राध्यापकांनी जन्मापासून वेगळा ठेवलेला उंदीर इतरांच्या पिंजऱ्यात सोडला. तो चावला नाही, तर त्यांचं आयुष्यभराचं संशोधन पाण्यात जाणार होतं. त्यांनी श्वास रोखून धरला. उंदीर सगळ्यांना हुंगून आला आणि घोळक्यात घुसून चक्क झोपी गेला.

"याला संगत कुणी दिली?" प्राध्यापक कडाडले.

"सर, तुम्हीच," प्रयोगशाळेतल्या बाई खाली बघत म्हणाल्या. "रोज घरी जायच्या आधी त्याला तळहातावर घेऊन तासभर गाऱ्हाणी सांगत बसता."

प्राध्यापकांनी तळहात पुढे केला.

"बाई, त्याला तेवढा माझ्याकडे द्या आणि जरा बाहेर थांबा. हे त्याला सांगायला हवं."