पूर्ण नाव

“नाव सांगा! पूर्ण नाव!”

सुभेदार रविंद्र साबळे यांचा आवाज शेडच्या पत्र्यावर आपटून परत आला. समोर बायकांची रांग. सगळ्यात पुढे कुशाबाई. तिने पदर सावरला, शेजारणीकडे तिरकं बघितलं आणि लाजायला लागली. साठीची बाई लाजताना बघून सुभेदार चक्रावले.

“पूर्ण म्हंजे मालकाचं बी घ्यायचं, साहेब?”

“पूर्ण म्हंजे पूर्ण!”

कुशाबाईने घसा साफ केला.

“साहेबांची शिट्टी वाजली, धावत आले गेटात,
पोपटरावांचं नाव घेते, भाकर न्हाय पोटात.”

रांगेत एकच हशा पिकला.

फौजेतून पेन्शनीत आलेल्या सुभेदारांना लासुर्ण्याच्या या डाळिंब पॅकिंगच्या शेडवर मॅनेजर होऊन आज महिना भरत होता. मालकीण उत्कर्षाताईंनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, “महिनाभर बघू. बायका टिकल्या तर तुम्ही टिकलात.” आणि बायका काही टिकेनात. कोणी उशिरा यायची. कोणी दुपारी घरी जायची ती परत फिरकायचीच नाही. मग सुभेदारांनी शिट्टी आणली, उजाडताच हजेरी सुरू केली, प्रत्येकीला नंबर दिला. “सात नंबर, क्रेट उचल!” असं ते एकदा ओरडले आणि सात नंबरने त्या दिवसापासून तोंड दाखवलं नाही.

इथं नाही जमलं तर सुरतेच्या एका सिक्युरिटी कंपनीत जागा तयार होती. म्हणजे पुन्हा ट्रंक, पुन्हा दौंड स्टेशन. त्यांच्या बायकोचा, करुणाचा, सगळा संसार नवऱ्याच्या सुट्टीची वाट बघण्यात गेला होता. काल शेड बंद होतं. दुपारी करुणाच्या बचत गटाच्या बायका घरी येऊन गेल्या होत्या, मोरीत कपबशांचा ढीग पडला होता. संध्याकाळी सुरतेचा विषय निघाला तशी ती म्हणाली, “ह्या बारीला ट्रंक मी भरून देणार न्हाय.” मग भाकरी थापता थापता म्हणाली, “बायकांना नंबर कसलं देताय? नाव तरी विचारा. पूर्ण नाव.”

“ड्युटीचं घरात बोलायचं न्हाय,” सुभेदारांनी फौजी नियम ऐकवला. सकाळी उठल्यावर मात्र पूर्ण नाव विचारायची कल्पना त्यांना स्वतःचीच वाटायला लागली होती.

आता त्या कल्पनेची फळं समोर दिसत होती. ऑफिसच्या दारात उत्कर्षाताई हाताची घडी घालून उभ्या होत्या. दुसरा नंबर बानूबाईचा आला.

“लासुर्ण्याच्या फाट्यावर उशिरा येती यष्टी,
तुकारामरावांना ठावं हाय, खोट्या न्हायती गोष्टी.”

पुन्हा हशा. सुभेदारांचे कान लाल झाले. पलटणीत असा प्रकार झाला असता तर सगळ्यांना मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या असत्या. त्यांनी शिट्टी ओठांना लावली, तेवढ्यात कुशाबाईने कोपराने ढोसून एका पोरसवदा सुनेला पुढे ढकललं. ती स्वप्नाली. लग्नाला वर्ष झालं नव्हतं. ती पायाच्या अंगठ्याकडे बघत भराभरा म्हणाली,

“चांदीच्या वाटीत साखरेची खडी,
सौरभरावांचं नाव घेते, संडासाला न्हाय कडी.”

या वेळी कोणी हसलं नाही.

सुभेदारांनी शिट्टी खाली घेतली. पलटणीत दर महिन्याला दरबार भरायचा. मोठ्या साहेबांसमोर जवान एकेक करून आपली अडचण मांडायचे, आणि त्या दिवशी कोणी त्यांना गप्प करायचं नाही. इथं महिना झाला तरी आपण दरबार भरवला नव्हता. तो आज बायकांनीच भरवला होता. दुपारी घरी गेलेली बाई परत का येत नाही, ते त्यांना आत्ता कळलं. ही गोष्ट बाईने परक्या पुरुषाला सांगायची तरी कशी? सुभेदारांना स्वतःची भारी लाज वाटली. त्यांनी शिट्टी खिशात टाकली.

“आधी सगळ्यांनी भाकरी खाऊन घ्या,” ते म्हणाले. मोटारसायकलला किक मारली आणि तडक बाजार गाठला. कडी आणली. स्वतः स्क्रू पिळले. कुशाबाईला आत उभं करून, बाहेरून खांदा लावून दार ढकलून बघितलं. दार हललं नाही. आतून कुशाबाईचं हसणं सगळ्या शेडला ऐकू गेलं.

त्या दुपारी कोणी घरी गेलं नाही. दिवस मावळायच्या आत गाडी भरून निघाली.

“उद्या हजेरी किती वाजता, साहेब?” उत्कर्षाताईंनी विचारलं.

“यष्टी आल्यावर.”

“मग उद्या या. आणि परवाही या,” ताई हसून म्हणाल्या.

“तसं कसं सोडू?” कुशाबाई आडवी आली. “आमचं समद्यांचं ऐकलं, आता तुमी घ्या की नाव!”

सुभेदार लाजले. बायकांनी टाळ्यांचा ठेका धरला. शेवटी त्यांनी सावधान पवित्रा घेतला आणि हुकूम सोडल्यासारखा उखाणा सोडला.

“डोंगर बघितलं, बर्फ बघितला, लई केली ड्युटी,
करुणाचं नाव घेतो, आता ट्रंकेला सुट्टी!”

घरी आल्यावर फौजी नियम दारातच राहिला. बुटांची नाडी सोडायच्या आधीच त्यांनी अख्खा दिवस सांगून टाकला. बोलता बोलता कोपऱ्यातल्या ट्रंकेवर बसायला गेले, तर झाकण उघडंच होतं. आत काठोकाठ ज्वारी भरलेली.

“आणि ती स्वप्नाली, कालची पोर!” सुभेदार म्हणाले. “काय उखाणा जुळवलाय बघ तिनं!”

“तिनं कुटला जुळवलाय?” करुणा तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली. “कडीला खडी जुळवताना काल माझी अख्खी दुपार गेली.”