वाईटातला वाईट दिवस

"आज चहा करायचा नाहीस. खुर्चीतून उठायचंसुद्धा नाही," जनीनने आईला पुन्हा बजावलं.

"घरी आलेल्या बाईला चहा नाही? नोला हेन्शॉच्या घरात? गावात तोंड दाखवायला जागा राहील का मला?"

"आई, तू केक पुढे केलास की ती तपासणीवाली म्हणणार, म्हातारी ठणठणीत आहे. मग मिळाला तुला अंघोळ घालायला सरकारी माणूस! वाईटातला वाईट दिवस दाखवायचा असतो. सगळे तेच करतात."

मिल्ड्युरा गावात सगळे खरंच तेच करत. नोला चौऱ्याऐंशीची. गुडघे गेलेले, बाथरूममध्ये दोनदा पडलेली, पण डोकं तल्लख. कोंबड्यांची निगा आणि शेजाऱ्यांच्या चौकशा, दोन्हींत खंड नाही. मरेन तर याच घरात, एवढंच तिचं म्हणणं. तिच्यासाठी जनीन नवरा आणि नातवंडं दूर जिलाँगला सोडून पाच वर्षं इथे अडकली होती. आठवड्यातून चार सकाळी कुणी हाताशी आलं, तरी दोघींचं निभावलं असतं.

तपासणीच्या बाई आल्या. आणि नोलाने काय सोंग वठवलं म्हणून सांगू! वार विचारला तर नुसती खिडकीबाहेर बघत बसली. जनीनकडे बोट दाखवून बाईंनी विचारलं, "या कोण?" तर म्हणते, "कामवाली असेल. पण आळशी आहे हो." हसू दाबता दाबता जनीनची पुरेवाट झाली.

बाई मात्र हसल्या नाहीत. "यांना घरी ठेवणं आता धोक्याचं आहे," त्या हळूच म्हणाल्या. "नर्सिंग होममध्ये एक खोली रिकामी आहे. मी आजच शिफारस करते."

नोला खुर्चीचे हात धरून धडपडत उठली. "अहो, थांबा! सोंग होतं सगळं! ही माझी लेक, जनीन. हिनेच मला पढवलं. अगं, सांग ना त्यांना!"

बाई जनीनकडे वळल्या. नुसतं हो म्हटलं असतं तरी पुरे होतं. जनीनने तोंड उघडलंही. पण त्याच वेळी तिला जिलाँगचं आपलं घर दिसलं, आपला पलंग दिसला. आईची हाक न येणारी रात्र दिसली. तिला स्वतःची लाज वाटली. तरी ते घर डोळ्यांपुढून हलेना.

"बघितलंत?" डोळे पुसत ती बाईंना म्हणाली. "अशी मध्येच भानावर येते, आणि मग मलाच खोटी पाडते."